ऐकणाऱ्याची बाजू

खुलताबादच्या गावकुसाबाहेर अमीर हसन सिजझी यांची कबर आहे. औरंगजेबाची कबर पाहायला आलेले आणि भद्रा मारुतीच्या दर्शनाला आलेले लोक तिकडे सहसा वळत नाहीत. फारसी कवितेचा नाद असलेला एखादा माणूस मात्र विचारत विचारत तिथवर पोहोचतो, कारण हसन यांना ‘हिंदुस्थानचा सादी’ म्हणत. अमीर खुसरो यांचे ते मित्र, आणि दोघेही दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांचे शिष्य. मुहंमद तुघलकाने १३२७ च्या सुमारास दिल्लीची माणसे दौलताबादेला हलवली. त्या काळात हसनही दक्षिणेत आले आणि इथल्याच मातीत विसावले.

त्यांची गझल मोठी आहे. मला मात्र त्यांचे सगळ्यात मोठे काम वाटते ते ‘फवाइदुल फुआद’ हे पुस्तक. १३०८ ते १३२२ या काळात ते निजामुद्दीनांच्या बैठकीला जात, ऐकत, आणि घरी येऊन ऐकलेले लिहून काढत. पेशाने लष्करातला माणूस; सवड सापडेल तेव्हा येई, मागे कुठेतरी बसे. पुढे एकदा गुरूंनी ती पाने पाहायला मागितली. पानांवर मधे मधे जागा कोऱ्या होत्या. का, असे विचारल्यावर हसन म्हणाले की, तिथले पुढचे शब्द मला आठवले नाहीत. गुरूंनी त्या जागा स्वतः भरून दिल्या.

ऐकलेले लिहिणाऱ्या माणसाचा एवढा सच्चेपणा मी दुसरीकडे फारसा पाहिलेला नाही. कवी होता, ओळी जुळवणे त्याच्या डाव्या हाताचा मळ होता. तरीही त्याने भर घातली नाही, जागा कोरी ठेवली. हातातले हे पुस्तक त्याच जातीचे व्हावे अशी ते जमवणाऱ्या तरुण मंडळींची इच्छा आहे, आणि म्हणून प्रस्तावनेची सुरुवात त्या कबरीपासून करणे मला योग्य वाटले.

यात आहेत त्या खुलताबादच्या उरसात ऐकलेल्या कव्वालीच्या आठवणी. सांगणारे सगळे ऐकणारे आहेत, गाणारा एकही नाही. चहाची गाडी लावणारे आहेत, निवृत्त शिक्षक आहेत, उरसाच्या जादा गाड्यांवर ड्युटी केलेले एस.टी.तले लोक आहेत, दर्ग्याच्या गल्लीत वाढलेल्या बायका आहेत. त्यांना एकच गोष्ट विचारली गेली: तुमच्या मनात राहिलेली रात्र कोणती? संगीताचा इतिहास आपल्याकडे गाणाऱ्याच्या बाजूने लिहिला जातो. घराणे, उस्ताद, तालीम, बंदिशी, मानसन्मान असे सगळे त्यात येते. समोर बसलेल्या माणसाला ‘रसिक श्रोतृवर्ग’ असे दोन शब्द मिळतात आणि तो तिथेच संपतो. कव्वालीच्या बाबतीत हा अन्याय फार मोठा आहे, कारण कव्वाली ऐकणाऱ्यावाचून पुरी होतच नाही. कशी, ते पुढे सांगतो. आधी गावाविषयी.

छत्रपती संभाजीनगरहून दौलताबादचा किल्ला मागे टाकला, घाट चढला की पंचवीसेक किलोमीटरवर खुलताबाद येते. तसेच पुढे गेले की वेरूळ. खुलताबादचे जुने नाव रौझा. या गावाच्या मोठेपणाचा पाया राजांनी घातलेला नाही. मुंतजिबुद्दीन, ज्यांना लोक जर जरी जर बख्श म्हणतात, ते १३०९ मध्ये गेले. त्यांचे भाऊ बुऱ्हानुद्दीन गरीब १३३७ मध्ये गेले. बुऱ्हानुद्दीनांचे उत्तराधिकारी जैनुद्दीन शिराझी १३६९ मध्ये. तापीकाठच्या बुऱ्हाणपूरला नाव मिळाले ते या बुऱ्हानुद्दीनांचे, आणि पलीकडच्या जैनाबादला जैनुद्दीनांचे. राजे नंतर आले, तेही मेल्यावर. मलिक अंबर इथे आहे, औरंगजेब इथे आहे, हैदराबादच्या आसफजाही घराण्याचा मूळपुरुष निजामुल्मुल्क इथे आहे. सगळ्यांना या संतांच्या पायाशी जागा हवी होती.

आणि हे संत कशासाठी ओळखले जात? बुऱ्हानुद्दीन ओळखले जात ते समा ऐकण्यासाठी. समा म्हणजे ईश्वराच्या आठवणीसाठी बसून ऐकलेले गाणे. आजच्या दर्ग्यातल्या कव्वालीचे मूळ तिथे आहे. मीर खुर्द यांच्या ‘सियरुल औलिया’ या चौदाव्या शतकातल्या ग्रंथात नोंद आहे की, समाच्या भरात बुऱ्हानुद्दीन ज्या रीतीने डोलत आणि नाचत, ती रीत इतकी त्यांची स्वतःची होती की त्यांच्या सोबतच्या मंडळींना लोक ‘बुऱ्हानी’ म्हणू लागले. गाणाऱ्याच्या शैलीवरून घराण्याला नाव पडते हे आपल्याला माहीत आहे. इथे एका ऐकणाऱ्याच्या शैलीवरून एका पंथाला नाव पडले. जगात असे दुसरे उदाहरण मला तरी आठवत नाही, आणि ते आपल्या मराठवाड्यातले आहे याचा मला अभिमान वाटतो.

ऐकलेले लिहून ठेवण्याची हसन यांची रीतही इथे रुजली. काशानी घराण्यातल्या भावांनी बुऱ्हानुद्दीनांच्या बैठकी लिहून ठेवल्या. रुकनुद्दीन काशानी यांचे ‘नफाइसुल अन्फास’ १३३० च्या दशकातले, हम्माद काशानी यांचे ‘अहसनुल अक्वाल’ त्याच सुमाराचे. पुढे जैनुद्दीनांच्या बैठकी ‘हिदायतुल कुलूब’ या नावाने लिहिल्या गेल्या. अमेरिकन अभ्यासक कार्ल अर्न्स्ट यांनी १९९२ मध्ये खुलताबादवर जो ग्रंथ लिहिला, तो मुख्यतः या जुन्या वह्यांच्या जोरावर. अशा पुस्तकांतून गाणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याविषयी जास्त कळते. कोणाला कोणती ओळ लागली, कोण रडले, कोण गप्प उठून गेले, कोणाचे डोलणे खरे आणि कोणाचे लोकांना दाखवण्यापुरते, याची चर्चा त्यांत आहे. एका लहानशा गावापाशी सातशे वर्षांपूर्वीच्या ऐकणाऱ्यांचे असे दफ्तर आहे, आणि त्यानंतरच्या ऐकणाऱ्यांचे जवळजवळ काहीच नाही.

समाला अटी होत्या. सूफी परंपरेत तीन गोष्टी जुळाव्या लागतात असे सांगतात: वेळ, जागा आणि सोबतची माणसे. आवाज चांगला हवा, ताल पक्का हवा, असे त्यात कुठे नाही. नमाजची वेळ टळत असेल तर ऐकू नका, जागा रहदारीची असेल तर ऐकू नका, शेजारी बसलेला माणूस नुसता मजा बघायला आला असेल तर ऐकू नका. तिन्ही अटी ऐकणाऱ्याच्या बाजूच्या. मला हे वाचताना प्रत्येक वेळी वाटते की, या पुस्तकातले लोक नेमक्या याच तीन गोष्टी सांगतात, आणि त्यांनी तो नियम कधी वाचलेला नाही. त्या रात्री किती वाजले होते, आपण दर्ग्याच्या कोणत्या ओवरीत बसलो होतो, शेजारी कोण होते. काय गायले गेले ते बरेचदा चौथ्या नंबरवर येते.

सगळ्यांनाच समा मान्य होता असे मात्र नाही. धर्मशास्त्राच्या अंगाने दिल्लीत त्यावर मोठा वाद झाला. गियासुद्दीन तुघलकाच्या दरबारात निजामुद्दीनांना त्यासाठी उलमांसमोर उभे राहावे लागले. जैनुद्दीन शिराझी स्वतः विद्वान, दौलताबादचे काझी. बुऱ्हानुद्दीनांच्या गाणे ऐकण्याला त्यांचाही आधी आक्षेप होता, पुढे शंका फिटल्या आणि ते शिष्य झाले, असे परंपरा सांगते. औरंगजेब १७०७ मध्ये अहमदनगरजवळ वारला आणि या जैनुद्दीनांच्या दर्ग्याच्या अंगणात त्याला उघड्या आभाळाखाली पुरले. त्याने दरबारातले गाणे बंद केले, मग गवयांनी संगीताची तिरडी काढली आणि बादशहा म्हणाला की खोल पुरा, ही गोष्ट खाफी खान आणि मनुची यांच्यामुळे सर्वांच्या तोंडी आहे. कॅथरीन स्कोफील्ड यांनी २००७ मध्ये या गोष्टीची बारकाईने तपासणी करून दाखवले की, बादशहाने स्वतः ऐकणे सोडले, पण राज्यभर गाण्यावर बंदी आली असे पुरावे सांगत नाहीत. त्याच्याच काळात फारसीत संगीतावर कितीतरी लेखन झाले. काही असो. गाणे सोडलेल्या बादशहाने आपल्यासाठी जागा निवडली ती ऐकणाऱ्यांच्या गावात.

आता कव्वालीकडे येतो. दर्ग्यातली मैफल रंगमंचावरच्या मैफलीसारखी नसते. कव्वाल मंडळी, म्हणजे एक चौकी, जमिनीवर दोन रांगांत बसते. पुढे मुख्य गाणारा आणि त्याचा जोडीदार, हाताशी बाजा, बाजूला ढोलक, मागे टाळी देणारे हमनवा. समोर सज्जादानशीन, म्हणजे दर्ग्याच्या गादीचे वारस, किंवा दुसरे कोणी बुजुर्ग, आणि दोन्ही अंगांना ऐकणारे. सुरुवात स्तुतीपर कलामाने होते, कौल, म्हणजे पैगंबरांच्या वचनावरचे गाणे, होतो, मग पुढे काय गायचे ते ठरलेले नसते. ते समोर बघून ठरते. एखाद्या ओळीवर कोणी मान हलवली, कोणाचा हात वर गेला, कोणी नोट घेऊन उठला आणि ती आधी बुजुर्गांच्या हाती देऊन मग कव्वालापर्यंत पोहोचली, की गाणारा ती ओळ पुन्हा घेतो. पुन्हा घेतली आणि कोणी आणखी हलले, तर आणखी पुन्हा. त्या ओळीला दुसऱ्या कोणाच्या शेराची गिरह, म्हणजे गाठ, बांधतो, फारसीतून उर्दूत येतो, उर्दूतून ब्रजभाषेत जातो, आणि फिरून त्याच शब्दावर येतो. कोणाला हाल आला, म्हणजे भान हरपले, तर तो माणूस भानावर येईपर्यंत ती ओळ सोडायची नाही असा दंडक आहे. त्यामागे एक जुनी आठवण आहे: कुतुबुद्दीन बख्तियार काकी १२३५ मध्ये दिल्लीत एका फारसी शेरावर असे बेभान झाले की त्यातून परत आलेच नाहीत, तीन-चार दिवसांत त्यांनी देह ठेवला.

रेगुला कुरेशी यांनी निजामुद्दीन दर्ग्यातल्या मैफलींचा अभ्यास करून १९८६ मध्ये पुस्तक लिहिले. कव्वालाची प्रत्येक पुढची चाल समोरच्या ऐकणाऱ्यावरून कशी ठरते हे त्यांनी स्वरलिपीसकट मांडले. तो ग्रंथ वाचल्यावर मला उरसातल्या माझ्या जुन्या रात्री नव्याने उमगल्या. गाणारा तोच, कलाम तोच, तरी एक रात्र विझून जाते आणि दुसरी पहाटेपर्यंत पेटलेली राहते. फरक समोर कोण बसले आहे याचा असतो. मग अशा रात्रीचा इतिहास गाणाऱ्याला तरी पुरता कसा ठाऊक असणार? त्याला फक्त समोरचा हललेला हात दिसला. त्या हाताच्या मालकाला आत काय झाले ते त्याने सांगितले तरच कळेल.

या आठवणी वाचताना त्यांचे दोन थर वेगळे दिसतात, आणि त्यामागे मराठवाड्याचा इतिहास आहे. जुन्या पिढीच्या आठवणीत ओळ असते. निजामाच्या राज्यात शाळा-कचेरीची भाषा उर्दू होती. १९१८ मध्ये निघालेल्या उस्मानिया विद्यापीठात तर उच्च शिक्षणही उर्दूतून होते. १७ सप्टेंबर १९४८ ला ते राज्य संपण्याआधी शाळेत गेलेला मराठवाड्यातला ब्राह्मण, मराठा, वाणी, माळी कोणीही असो, तो मराठी घरात बोले आणि अर्ज उर्दूत लिही. असा माणूस उरसात बसला की त्याला शब्द कळे. कोणता शेर कुठे बसवला, गिरह सफाईने बांधली की ओढूनताणून, हे त्याला समजे. दाद शब्दाला जाई. आमच्या लहानपणी घरी पोथी वाचणारे आणि उरसात गिरहेवर ‘मुकर्रर’, म्हणजे ‘पुन्हा’, म्हणणारे एकच आजोबा असत, आणि त्यात कोणाला काही विशेष वाटत नसे.

१९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला, १९५८ मध्ये औरंगाबादला विद्यापीठ निघाले, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. शाळा मराठी झाल्या, आणि ते व्हायलाच हवे होते. पण उरसात बसणारा मराठी माणूस बदलला. त्याच्या आठवणीत ओळ नसते, आवाज असतो. टाळीचा कडकडाट असतो, ढोलक द्रुत लयीत शिरल्यावर अंगावर आलेला काटा असतो, मुख्य गाणाऱ्याने वरचा स्वर लावला तेव्हा वर गेलेला हात असतो. शब्द विचारले तर तो ‘अल्ला’, ‘मौला’ आणि ‘ख्वाजा’ एवढेच सांगतो. मुस्लिम घरांतल्या नव्या पिढीचेही फारसीच्या बाबतीत असेच आहे. जुने लोक याला उतरण म्हणतात. मला तसे म्हणवत नाही. अर्थ न कळता माणूस रात्रभर बसतो, पहाटे डोळे भरून उठतो आणि चाळीस वर्षांनी ती रात्र सांगताना त्याचा आवाज बदलतो; त्याने काहीतरी ऐकले आहे हे निश्चित. काय ऐकले, त्याला नाव देणे अवघड आहे, इतकेच.

इथे मला खुलताबादपासून फार दूरच्या एका ऐकणाऱ्यांच्या जमातीची आठवण होते. साठच्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडात प्रोग्रेसिव्ह रॉक नावाचे गाणे निघाले. जेनेसिस, येस, किंग क्रिमसन असे त्याचे गट. वीस वीस मिनिटांच्या रचना, मधेच बदलणारे ताल, लांबलेले वादन. त्यांचे चाहते आवडते गाणे कोणते यावर जितके बोलतात, त्याहून जास्त कोणती रात्र यावर बोलतात: कोणते वर्ष, कोणते शहर, कोणत्या गाण्यानंतर कोणते आले, कोणता तुकडा त्या रात्री नेहमीपेक्षा लांबला. मॅरिलियन या गटाला १९९७ मध्ये अमेरिकेचा दौरा परवडत नव्हता. तिथल्या ऐकणाऱ्यांनी आपसांत सुमारे साठ हजार डॉलर जमवले आणि गटाला बोलावून घेतले. उरसाची वर्गणी याहून वेगळी नसते. आपल्याकडेही याच प्रवाहातले रॉजर वॉटर्स फेब्रुवारी २००७ मध्ये मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात गायले, पॉर्क्युपाइन ट्री हा गट डिसेंबर २००९ मध्ये पवईच्या आयआयटीत वाजवून गेला. संभाजीनगरहून रात्रीची देवगिरी एक्स्प्रेस धरून अशा मैफलींना जाणारी मुले मी पाहिली आहेत. त्यांना बोलते केले की तीही आधी सांगतात गर्दीत कुठे उभे होतो, सोबत कोण होते, किती वाजता सुरू झाले.

या दोन जगांची एकदा प्रत्यक्ष गाठ पडली. जेनेसिसमधून बाहेर पडलेले पीटर गॅब्रिएल यांनी १९८२ मध्ये जगभरच्या संगीताचा वोमॅड हा महोत्सव सुरू केला. पहिल्याच वर्षी ते कर्जात बुडाले. जुन्या सोबत्यांनी ऑक्टोबरमध्ये मिल्टन कीन्सला त्यांच्यासह एक रात्र वाजवून ते कर्ज फेडायला हात दिला. महोत्सव वाचला, म्हणून १९८५ मध्ये एसेक्सच्या किनाऱ्याजवळच्या मर्सी बेटावर नुसरत फतेह अली खान त्यात गाऊ शकले. समोर बसलेल्या बहुतेकांना पंजाबीचा, उर्दूचा, फारसीचा एक शब्द कळत नव्हता. तरी ती रात्र तिथे असलेल्यांच्या बोलण्यात टिकून राहिली, आणि चौतीस वर्षांनी, २०१९ मध्ये, तिचे ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झाले. मर्सी बेटावरचा तो इंग्रज आणि खुलताबादच्या उरसात मागे बसलेला कन्नड तालुक्यातला शेतकरी यांचे ऐकणे मला एकाच प्रकारचे वाटते. दोघांनाही शब्दाचा आधार नव्हता. दोघांनाही वेळ, जागा आणि सोबत मिळाली होती.

दर्ग्यातल्या मैफलीइतकीच जत्रेतली कव्वालीही या आठवणींत आहे, आणि ती असायलाच हवी. मुंबईच्या कव्वालांनी पन्नास-साठच्या दशकांत महाराष्ट्रभर जो धुमाकूळ घातला, त्यात इस्माईल आझाद होते, ‘अल हिलाल’ या १९५८ च्या चित्रपटाने घराघरांत गेलेले. पुढे जानी बाबू आणि अझीझ नाझां आले. युसूफ आझाद आणि रशिदा खातून यांचे सवाल-जवाबाचे मुकाबले आले. मराठी गाण्याचा मोठा आवाज प्रल्हाद शिंदे यांनीही उमेदवारीत इस्माईल आझादांच्या पार्टीत कोरसला साथ केली होती. त्यांच्या भीमगीतांत आणि विठ्ठलाच्या गाण्यांत ती कव्वालीची उचल ऐकू येते. आंबेडकरी जलशांतून आणि वस्त्यांमधल्या जयंतीच्या रात्रींतून कव्वालीचा साचा मराठीत आला, तो असा माणसांच्या पायांनी. विठ्ठल उमपही या वाटेने चालले. दर्ग्यातले सनातनी लोक मुकाबल्याला कव्वाली मानत नाहीत. ऐकणारे मात्र संध्याकाळी मुकाबला ऐकत आणि मध्यरात्रीनंतर दर्ग्यात येऊन बसत. त्यांच्या मनात त्या दोन गोष्टी एकमेकींच्या शेजारी सुखाने राहतात, आणि ऐकणाऱ्यांना विचारले म्हणूनच हे कळले.

बायकांच्या आठवणी थोड्या आहेत. दर्ग्याच्या आतल्या दालनात स्त्रियांनी जाऊ नये हा रिवाज बऱ्याच ठिकाणी आहे, मैफलीतही पुढची जागा पुरुषांची. म्हणून त्यांच्या सांगण्यात गाणाऱ्याचा चेहरा क्वचित येतो. त्यांनी जाळीआडून ऐकले, ओवरीच्या मागून ऐकले, घराच्या गच्चीवरून ऐकले, चुलीवर उरसाच्या पाहुण्यांसाठी खलिया उकळत असताना खिडकीतून ऐकले. पुरुषांच्या आठवणी मैफलीच्या मधोमध सुरू होतात. बायकांच्या आठवणींत दुरून येणारा ढोलक आहे, वाऱ्याबरोबर जवळ आलेली आणि लांब गेलेली टाळी आहे, मूल झोपले की नाही याची काळजी आहे. या पानांवर मी सगळ्यात जास्त रेंगाळलो. ती वाढली पाहिजेत.

आठवणींना तारीख कशी लावायची, हा प्रश्न संपादकांपुढे होता. वर्ष कोणालाच नीट आठवत नाही. इथे उरसाच्या पंचांगानेच मदत केली. जर जरी जर बख्श यांचा उरूस रबीउल अव्वल महिन्यात असतो, आणि चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा अकराएक दिवसांनी लहान. त्यामुळे उरूस दर वर्षी मागे सरकतो आणि तेहतीसेक वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. १९६५ मध्ये तो पावसाळ्यात होता, १९८० मध्ये जानेवारीच्या कडाक्यात, १९९८ मध्ये पुन्हा पावसाच्या तोंडावर, २०१३ मध्ये पुन्हा जानेवारीत. सांगणाऱ्याला घोंगडी आणि शेकोटी आठवली, की तो ऐंशीच्या किंवा दोन हजार तेराच्या आगेमागे बसला होता असे धरता येते. चिखल आणि गळणारा मांडव आठवला, की पासष्टचा किंवा अठ्ठ्याण्णवचा सुमार. मग त्याचे वय, बसचे भाडे, तेव्हा घरात कोण हयात होते, हे विचारून वर्ष आणखी जवळ आणता येते. माझ्या मते या पुस्तकातली ही सगळ्यात शहाणी कामगिरी आहे.

आठवण चुकते, हे उघड आहे. एकाच रात्रीविषयी तिघे बोलतात आणि तिघांचे कव्वाल वेगळे निघतात. कोणी ऐकलेल्या कॅसेटची भेसळ प्रत्यक्ष ऐकलेल्या रात्रीत करतो. उरसातल्या दुकानांतून कॅसेटचे ढीग विकले जात, घरी नेऊन त्या झिजेपर्यंत वाजत, त्यामुळे असे होणारच. संपादकांनी अशा ठिकाणी कोणाला खोटे पाडलेले नाही. तिन्ही आठवणी शेजारी शेजारी छापल्या आहेत. आणि जिथे सांगणारा अडला, ‘पुढचे ध्यानात नाही’ म्हणाला, तिथे ओळ अर्धी सोडून पानावर जागा कोरी ठेवली आहे. छपाईची चूक समजून कोणी त्यावर पेन्सिलने काही लिहू नये. लिहायचेच असेल तर स्वतः तिथे हजर असलेल्यानेच लिहावे.

आता हातातला मोबाईल सगळे टिपून घेतो, मग आठवणींची गरज काय, असे कोणी विचारील. टिपलेले असावे, मला त्याबद्दल तक्रार नाही. पण हात वर करून चित्रण करणारा माणूस दाद देत नाही, आणि कव्वालाला समोर दादेऐवजी दिव्यांच्या चौकटी दिसल्या की तो ओळ पुन्हा घेत नाही. पुढच्या कलामाकडे जातो. किंग क्रिमसनचे रॉबर्ट फ्रिप यांनी याच कारणाने आपल्या मैफलींत चित्रण आणि ध्वनिमुद्रण करू दिले नाही. अलीकडच्या दौऱ्यांत तर एक नियमच होता: शेवटी गटातले टोनी लेव्हिन आपला कॅमेरा उचलतील, तेव्हाच प्रेक्षकांनी फोटो काढावेत. खुलताबादेत असा नियम कोणी करणार नाही, आणि करूही नये. मैफलीत बसणाऱ्यांनी आपसांत एवढे ठरवले तरी पुष्कळ की, पहिल्या रांगेने हात मोकळे ठेवावेत.

मराठीत ऐकण्याविषयी लिहिणारे मोठे लोक होऊन गेले. गोविंदराव टेंबे, केशवराव भोळे, वामनराव देशपांडे, पु. ल. देशपांडे यांनी कान कसा घडतो ते आपल्याला शिकवले. त्यांचे जग पुण्या-मुंबईचे, कोल्हापूरचे, दरबारी आणि नाट्यगृहातल्या गाण्याचे होते. १९५३ पासून चाललेल्या सवाई गंधर्व महोत्सवाच्या रात्रींवर जेवढे लिहिले गेले, त्याचा शंभरावा हिस्साही खुलताबादच्या उरसावर मराठीत सापडणार नाही. वेरूळच्या पायथ्याशी सुरू झालेल्या वेरूळ महोत्सवाचे तेच. तो पुढे संभाजीनगरच्या सोनेरी महालात गेला, काही वर्षे बंद राहिला, २०२३ मध्ये पुन्हा झाला. त्याच्या पत्रिकांवर कलाकारांची नावे आहेत, पण त्या थंडीत सतरंजीवर बसलेल्यांनी काय ऐकले ते कुठेही लिहिलेले नाही. नवविधा भक्तीत श्रवणाला पहिले स्थान देणारी आपली परंपरा, कीर्तनात श्रोत्याला नमन केल्याशिवाय पुढे न जाणारी. एकनाथांनी याच परिसरात, दौलताबादेला जनार्दनस्वामींच्या पायाशी बसून ऐकले आणि मग लिहिले. तिथे दर्ग्यात बसलेल्या ऐकणाऱ्याची नोंद एवढी उशिरा व्हावी याचे मला वाईट वाटते.

संकलन करणारी मंडळी यानंतर परभणीच्या तुराबुल हक यांच्या उरसाकडे आणि नांदेड जिल्ह्यातल्या कंधारच्या हाजी सय्याह यांच्या उरसाकडे वळणार आहेत. परभणीचा उरूस फेब्रुवारीत भरतो, त्यामुळे तिथे ऋतूवरून वर्ष काढायची सोय नाही; वर्ष विचारायची दुसरी काही युक्ती शोधावी लागेल. उर्दू शाळेत शिकलेली, शब्दाला दाद देणारी पिढी आता नव्वदीच्या पुढे आहे. तिच्याकडे आधी जावे, मग इतरांकडे, आणि जाताना बायकांना वेगळे भेटावे, पुरुष उठून गेल्यावर. सांगणाऱ्याला घाई करू नये. तो उर्दूत बोलला तर उर्दूत लिहून घ्यावे, दखनीत बोलला तर दखनीत, मराठीत मधेच ‘वाह’ आला तर तोही तसाच ठेवावा.